फ्लॅट नवा, टॅक्सचं बिल बेपत्ता: उशीर नेमका कुठे होतो आणि पैसे कोणाचे जातात?

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्या वर्षभरात फोनवर बरंच काही येतं. ईएमआय कापल्याचा मेसेज येतो, महावितरणचं बिल येतं, सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्सचा क्यूआर कोड येतो. महापालिकेच्या मिळकतकराचं बिल मात्र येत नाही. पहिलं वर्ष जातं, कधीकधी दुसरंही जातं. एप्रिल-मे महिन्यात शेजारच्या जुन्या सोसायटीत बिलं वाटली जातात, तेव्हा ग्रुपवर कोणीतरी विचारतं, ‘आपल्याला टॅक्स लागत नाही का रे?’ कोणी म्हणतं बिल्डर बघतोय, कोणी म्हणतं आलं की भरू. विषय तिथेच संपतो.

मग एक दिवस बिल येतं. चालू वर्षाचं, आणि सोबत मागच्या दोन-तीन वर्षांचंही. रक्कम पाच आकडी असते. होम लोनचा हप्ता, फर्निचरचं कर्ज आणि कारचा ईएमआय भरून महिनाअखेरीस हातात फार काही न उरणाऱ्या घरात हा आकडा चांगलाच बोचतो.

हे असं का होतं, ते आज समजून घेऊ. उदाहरण प्रामुख्याने पुण्याचं घेतलंय, कारण नवे फ्लॅट, नवी हद्द आणि 40 टक्के सवलतीचा घोळ हे तिन्ही तिथे एकत्र सापडतात.

बिल नाही म्हणजे कर नाही, असं नसतं

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. मोबाइल रिचार्जसारखं इथे नसतं, की पॅक घेतला तरच पैसे. मिळकतकराची जबाबदारी इमारत वापरायोग्य झाली की सुरू होते. बिल हा त्या जबाबदारीचा फक्त कागद आहे. कागद उशिरा आला तरी मीटर आधीपासून चालू असतं.

मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मध्ये ‘आकारणीतून सुटलेल्या’ मिळकतींसाठी वेगळी तरतूद आहे. त्यानुसार पालिका सहा वर्षांपर्यंत मागे जाऊन कर लावू शकते. म्हणजे उशीर पालिकेच्या टेबलावर झाला असला, तरी थकलेला कर तुमच्याकडूनच मागितला जाणार. हे मला अन्यायाचं वाटतं. पण कायदा असा आहे हे माहीत असलेलं बरं.

दंडाची गोष्ट मात्र वेगळी आहे. थकीत रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. क्रेडिट कार्डापेक्षा कमी, पण पर्सनल लोनपेक्षा बहुतेक वेळा जास्त. ही शास्ती बिल दिल्यानंतर मुदतीत न भरल्याबद्दल असते. जे बिल तुम्हाला कधी दिलंच नाही, त्या काळावर शास्ती लावलेली दिसली तर मुकाट भरू नका, लेखी हरकत घ्या.

माहिती अडकते कुठे?

आता मुख्य प्रश्न. परवानगी ऑनलाइन, रजिस्ट्रेशन ऑनलाइन, पेमेंट ऑनलाइन. मग बिल का येत नाही?

कारण एकाच फ्लॅटला पाच वेगवेगळ्या ठिकाणी पाच वेगवेगळी नावं आहेत. बांधकाम विभागासाठी ती सर्व्हे नंबरवरच्या एका इमारतीतली एक सदनिका असते. महारेराकडे प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक असतो. दुय्यम निबंधक कार्यालयात तुमच्या करारनाम्याचा दस्त क्रमांक असतो. महावितरणकडे ग्राहक क्रमांक. आणि पालिकेच्या कर विभागाकडे विभाग, पेठ आणि खाते क्रमांक. या पाचही नोंदींना जोडणारा एक समान क्रमांक सगळीकडे वापरात असता, तर भोगवटापत्र म्हणजे ओसी मंजूर झाल्याच्या दिवशीच कर खातं आपोआप तयार झालं असतं. तुमचं आधार आणि पॅन जोडलेलं असतं तसं. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर टेबलं पाच आहेत, पण ती जोडणारी किल्लीच नाही.

त्यामुळे प्रत्यक्षात होतं असं. बांधकाम विभाग ओसी देतो. त्याची प्रत करआकारणी व करसंकलन विभागाकडे जायला हवी. ती गेली की त्या भागाचा निरीक्षक जागेवर येतो, मोजमाप घेतो, वापर निवासी की व्यावसायिक ते लिहितो, वार्षिक करपात्र रक्कम ठरवतो. मग प्रत्येक फ्लॅटला आकारणीची नोटीस निघते, हरकतीसाठी मुदत मिळते, आणि त्यानंतर खातं सिस्टिममध्ये चढतं. 400 फ्लॅटचा प्रकल्प असेल तर हे 400 वेळा. बिल्डर तीन टप्प्यांत ओसी घेत असेल तर तीन फेऱ्या. निरीक्षकाची बदली झाली तर फाइल पुन्हा पहिल्या पानावर.

गंमत म्हणजे पुण्यात बांधकाम परवानगीसाठी ऑटोडीसीआर नावाचं सॉफ्टवेअर बरीच वर्षं वापरात होतं. नकाशा सॉफ्टवेअरने तपासायचा तर क्षेत्रफळाचा हिशेब त्यात असतोच. म्हणजे पालिकेच्या एका खात्याच्या संगणकात जी माहिती आहे, तीच दुसऱ्या खात्याचा माणूस टेप घेऊन पुन्हा गोळा करतो.

मग ड्रोन आणि जीआयएस सर्वेक्षणाचं काय? पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे अशी सर्वेक्षणं झालीत आणि नोंद नसलेल्या मिळकती शोधायला त्यांचा उपयोग होतो. पण वरून काढलेल्या फोटोत इमारत दिसते, मजल्यांचा अंदाज येतो. आत 1103 मध्ये मालक राहतो की भाडेकरू, ताबा 2022 मध्ये मिळाला की 2024 मध्ये, हे कुठलाही कॅमेरा सांगत नाही. मिळकतकर तर नेमका याच गोष्टींवर ठरतो.

त्यात हद्दवाढ. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक हे सगळे नव्या टॉवरचे भाग त्यातलेच. तिथल्या जुन्या नोंदी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या रजिस्टरमध्ये होत्या. त्या पालिकेच्या सिस्टिममध्ये आणणं म्हणजे निव्वळ डेटा एंट्री नव्हे. क्षेत्रफळ, नाव, वापर सगळंच पुन्हा तपासावं लागतं. हिंजवडीतल्या मंडळींनी तर पालिकेच्या साइटवर आपलं खातं शोधत बसूच नये. हिंजवडी महापालिकेत नाही, तिथली घरपट्टी ग्रामपंचायत घेते.

हा रोग फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका. अमेरिकेत शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिथे 2025 मध्ये प्रॉपर्टी टॅक्सच्या दुसऱ्या हप्त्याची बिलं कित्येक महिने लांबली. एरवी ऑगस्टच्या सुरुवातीला भरायची रक्कम डिसेंबरच्या मध्यावर गेली. कारण होतं जुन्या मेनफ्रेम संगणकावरून नव्या सिस्टिमवर जाणं. कॅलिफोर्नियात तर नवं घर किंवा कॉन्डो घेतलं की नेहमीच्या बिलाशिवाय एक ‘सप्लिमेंटल’ बिल वेगळं येतं, आणि तेही उशिरा. तिथे बऱ्याच जणांचा टॅक्स होम लोन देणारी बँकच परस्पर भरते, पण हे जादाचं बिल बँकेकडे न जाता थेट मालकाला येतं. बे एरियात नवं घर घेतलेले नातेवाईक असतील तर विचारून बघा, बहुतेकांना त्या पाकिटाने एकदा तरी दचकवलेलं असतं.

बिल निघालं, पण पोहोचलं कोणाकडे?

उशीर झाला असं आपल्याला वाटतं, तेव्हा प्रत्येक वेळी बिल निघालेलंच नसतं असं नाही. कधीकधी ते निघालेलं असतं, फक्त तुमच्याकडे आलेलं नसतं.

नव्या इमारतीची पहिली आकारणी अनेकदा बिल्डरच्या नावाने होते. खात्यावर पत्ता त्याच्या ऑफिसचा, मोबाइल नंबर त्याच्या कर्मचाऱ्याचा. कागदी बिल तिकडे जातं, एसएमएस तिकडे जातो. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला की विषय मिटला. इकडे तुम्हाला वाटतं बिलच नाही, आणि तिकडे शास्ती चढत असते. वर सांगितलेली ‘बिल कधी दिलंच नाही’ ही हरकत अशा वेळी टिकवणं अवघड जातं, कारण पालिकेच्या नोंदीत बिल दिलेलं असतं.

कायद्यात नियम आहे की मिळकत हस्तांतरित झाली की दस्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने पालिकेला कळवायचं. किती जण कळवतात? रजिस्ट्रेशन झालं म्हणजे सगळीकडे नाव लागलं, अशी आपली समजूत असते. इंडेक्स टू वर नाव आलं तरी कर खात्यावर ते आपोआप येईलच असं धरून चालू नका.

हे पैसे सगळे तुमचे नाहीत

आता आकड्यांकडे येऊ. समजा, ओसी ऑगस्ट 2022 च्या शेवटी मिळाली. तुम्ही 1 जानेवारी 2023 ला ताबा घेतला आणि राहायला गेलात. बिल आलं जून 2025 मध्ये. कर वर्षाला 24,000 रुपये, म्हणजे महिन्याला 2,000. सप्टेंबर 2022 ते मार्च 2025 हे 31 महिने, त्याचे 62,000. अधिक 2025-26 चे 24,000. एकूण 86,000 रुपये.

यातले पहिले चार महिने तुमचे नाहीत. रेरा कायद्याचं कलम 11(4)(छ), म्हणजे इंग्रजी प्रतीतलं ‘जी’, सांगतं की प्रत्यक्ष ताबा देईपर्यंत महापालिकेच्या करासकट सगळी देणी बिल्डरने भरायची. इतकंच नाही, ताबा देण्याआधी त्याने ग्राहकांकडून अशा करापोटी पैसे गोळा केले असतील आणि पुढे भरले नसतील, तर ताबा दिल्यानंतरही ती जबाबदारी त्याच्यावरच राहते. तेव्हा 8,000 बिल्डरचे. पालिका मात्र या भानगडीत पडत नाही. तिचं बिल मिळकतीवर असतं, वाटणी तुम्ही आणि बिल्डरने आपसात करायची.

इथे करारनामा उघडून बघणं गरजेचं आहे. महारेराच्या आदर्श करारनाम्यात असं कलम आहे की फ्लॅट वापरायला तयार आहे अशी लेखी सूचना मिळाल्यावर 15 दिवसांनंतर स्थानिक करासह खर्चाचा तुमचा वाटा तुमच्यावर येतो. मग तुम्ही किल्ली दिवाळीच्या मुहूर्तावर घ्या नाहीतर गुढीपाडव्याला. त्यामुळे ‘पझेशन लेटर’वरची तारीख आणि ‘फ्लॅट तयार आहे’ या ईमेलची तारीख, दोन्ही जपून ठेवा. बिल्डरने ताब्याच्या वेळी एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतला असेल तर त्यात मालमत्ता कराचा आकडा होता का, हेही त्याच कागदात सापडेल. असेल तर हिशेब मागायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे.

राहिले 78,000. इथे पुण्याची 40 टक्के सवलत येते, आणि खरा फरक इथेच पडतो.

स्वतः राहणाऱ्या मालकाला करपात्र रकमेत 40 टक्के सवलत पुण्यात 1970 पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप आले, राज्य सरकारने ती बंद केली, आणि 1 एप्रिल 2019 पासून नव्याने नोंद झालेल्या मिळकतींना पूर्ण दराने बिलं जाऊ लागली. म्हणजे एकाच रस्त्यावर जुन्या सोसायटीत सवलत आणि समोरच्या नव्या टॉवरमध्ये नाही. मोठा गदारोळ झाला आणि 2023 मध्ये सरकारने सवलत पुन्हा दिली. पण ज्यांची आकारणी सवलतीशिवाय झाली होती, त्यांना ‘पीटी-3’ नावाचा अर्ज भरून आपण स्वतः तिथे राहतो हे दाखवावं लागलं.

आमच्या उदाहरणात ही सवलत पूर्ण काळासाठी लागली, तर 78,000 चे साधारण 47,000 होतात. कराचे टप्पे वेगवेगळे असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा इकडेतिकडे होईल. तरीही 30,000 च्या आसपासचा फरक एका अर्जावर आहे. तेव्हा बिल आलं की आधी एकूण रक्कम बघू नका, सवलतीचा रकाना बघा. तो रिकामा असेल तर सोसायटीचं तुम्ही स्वतः राहत असल्याचं पत्र आणि त्या पत्त्याचा एखादा पुरावा घेऊन क्षेत्रीय कार्यालय गाठा. सवलत चालू वर्षापासून नको, राहायला आलात त्या तारखेपासून मागा, आणि ती तारीख सिद्ध करायला पहिलं वीजबिल सगळ्यात सोपं पडतं. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ही सवलत नाही, उगाच खोटं लिहून देऊ नका. भाडेकरार ऑनलाइन नोंदवला जातो, तो शोधता येतो.

मुंबईत चित्र वेगळं

मुंबईत 2010 पासून कर भांडवली मूल्यावर आहे आणि बिल अनेक ठिकाणी फ्लॅटनिहाय नसून सोसायटीच्या नावाने एकत्र येतं. त्यामुळे तुमच्या नावाचं बिल नाही याचा अर्थ ते उशिरा आहे असाच होत नाही. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये तो आकडा आधीच असू शकतो. 500 चौरस फुटांपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या निवासी घरांना 2022 पासून मालमत्ता करातून माफी आहे. आणि संपूर्ण शहराचीच बिलं लांबल्याचं उदाहरणही मुंबईचंच आहे. 2023-24 ची वाढीव बिलं डिसेंबर 2023 मध्ये निघाली, ओरड झाल्यावर ती वाढ मागे घेण्यात आली, आणि मग सुधारित बिलं निघेपर्यंत ते आर्थिक वर्ष संपत आलं होतं. तिथे अडलं होतं ते दर ठरवण्यावरून, सॉफ्टवेअरचा काही संबंध नव्हता.

ओसीच नसेल तर

काही जण ओसीच्या आधीच ‘फिट-आउट’च्या नावाखाली राहायला जातात. बिल्डर सांगतो, कागद येतील महिनाभरात. अशा फ्लॅटलाही कर लागतो, कारण कर वापरावर आहे. वर, बेकायदा बांधकामावर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावायची तरतूद याच कायद्यात आहे. मूळ कर धरून तिप्पट. पिंपरी-चिंचवडमध्ये हाच शास्तीकर वर्षानुवर्षं राजकारणाचा मुद्दा होता आणि 2023 मध्ये सरकारने जुना शास्तीकर माफ केला. पण माफी येईल या भरवशावर फ्लॅट घेऊ नये. आणि कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, कराची पावती ओसीची जागा घेत नाही.

आज फोनवर काय करता येईल

पाचच मिनिटांचं काम आहे. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचं पान उघडा, अपलोड केलेल्या कागदांत ओसी आहे का बघा आणि तारीख टिपून घ्या. करारनाम्यातला इंडेक्स टू जवळ ठेवा. मग पालिकेच्या मिळकतकर साइटवर शोधा, पण फक्त तुमच्या नावाने नाही, बिल्डरच्या कंपनीच्या नावाने आणि इमारतीच्या नावानेही. बऱ्याचदा खातं तिथेच सापडतं. सापडलं तर आधी नाव आणि मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज द्या. पैसे भरायची घाई त्यानंतर.

खातं सापडलंच नाही तर ‘आमची आकारणी करा’ असा अर्ज करायचा. हे ऐकून लोक हसतात. स्वतःहून टॅक्स मागायला कोण जातं? पण तो अर्ज आणि त्यावरचा आवक क्रमांक हाच पुढे शास्तीवरच्या हरकतीला आधार देतो. एकेकट्याने जाण्यापेक्षा सोसायटीने सगळ्या फ्लॅटची यादी, क्षेत्रफळ आणि इंडेक्स टू जोडून एकदमच दिलं तर निरीक्षकाचंही काम सोपं होतं. दरम्यान दर महिन्याला अंदाजे कराएवढी रक्कम एखाद्या रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाकत राहा. आमच्या उदाहरणात ती 2,000 होती. सवलत लागली तर त्यातले काही तुमच्याकडेच उरतील.

आणि या सगळ्यात एक धोका नवा आहे. बिलाची वाट बघणारा माणूस बिलाच्या मेसेजवर पटकन क्लिक करतो. ई-चलानच्या नावाने व्हॉट्सॅपवर एपीके फाइल पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार आपल्याकडे झालेच आहेत, तीच युक्ती ‘थकीत मिळकतकर’ लिहूनही चालते. पालिकेचं बिल एपीके फाइलमध्ये येत नाही. लिंकवर न जाता साइट स्वतः उघडा, खाते क्रमांक स्वतः टाका, आणि तिथे दिसणारी रक्कम मेसेजमधल्या रकमेशी जुळते का ते बघा.